समासातलं लाल अक्षर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आत्ता लिहितानाही लक्ष दाराकडे आहे — घरात कुणी नाही, तरीही.

मी चाकणजवळच्या एका कॉलेजात शिकवते. पिंपळे गुरवहून बस बदलत जाते. माझा विषय म्हणजे आपलं मत समोरच्याला पटेल असं लिहिणं. कागदोपत्री तो इंग्रजीचा, पण मुलं मराठीतही लिहितात, मी दोन्ही तपासते. वर्गासमोर उभी राहिले की अजूनही तळहाताला घाम सुटतो, पण लाल पेन हातात आलं की मी धीट होते. कागद थोडाच उलटून बोलतो?

सारिका दुसऱ्या वर्षाला होती. लातूरकडची. वडील इथल्या एका कंपनीत, ठेकेदाराकडून, पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर. तिने कामगारांच्या तुटणाऱ्या बोटांवर मराठीत लेख लिहिला. मशीनला दोन बटणं असतात — दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येते, म्हणून हात आत सापडत नाही. 'काही कंपन्यांत' काम भराभर उरकावं म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवतात, असं तिने लिहिलं होतं. मी समासात लिहिलं, 'काही म्हणजे कुठल्या? कुणी पाहिलं? स्वतःचं लिही, तरच पटेल.'

ती विचारायला आली, पप्पांचं लिहिलं तर चालेल का. त्याशिवाय लेखात जीव येणार नाही, असं मी म्हटलं. किती सहज म्हटलं.

तिने कंपनीचं नाव घातलं, वडिलांचं मशीन सांगितलं. तो लेख मी वाचला — दोनदा — आणि स्वतःच्या हाताने कॉलेजच्या फलकावर लावला. मला अभिमान वाटला. तिचा, की माझा?

त्याच आठवड्यात त्या कंपनीचे एक साहेब नोकरीच्या मुलाखती घ्यायला कॉलेजात आले. फलकासमोर थांबले. मोबाइलवर फोटो काढला.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये साहेब बसले होते, आम्ही दोघी उभ्या. सारिकाच्या हातात तो पहिला कागद होता, माझ्या लाल अक्षरांचा, घडी घातलेला. प्राचार्यांनी मला विचारलं, "मॅडम, लावण्याआधी वाचलं होतं ना तुम्ही?"

माझी नोकरी कायमची नव्हती — पण ते इथे कशाला सांगू?

मी म्हटलं, "सर, मी इंग्लिश मीडियमची. मराठी हस्ताक्षर मला लागत नाही. न वाचताच लावलं."

साहेब हसले. "कॉन्व्हेंटवाल्यांचं असंच असतं, सर."

पटलं. दोघांनाही लगेच पटलं. वर्गात इतकं पटेल असं मी कधी बोलले नव्हते.

सारिका माझ्याकडे बघत होती. तिने ती घडी उलगडली असती तर? तिने कागद आणखी एकदा दुमडला, मुठीत घेतला.

"मॅडमचं काय नाही ह्याच्यात, सर. मीच लिव्हलं."

सोमवारी तिच्या वडिलांना कंपनीच्या गेटवरूनच परत पाठवलं. परीक्षेआधी सारिका यायची बंद झाली. मी चौकशी केली नाही. आता एखाद्याने 'काही कंपन्यांत' असं लिहिलं, की माझं लाल पेन त्या ओळीवरून तसंच पुढे जातं. चांगलं आहे, म्हणते.

गेल्या महिन्यात ती भोसरीच्या स्टॉपवर दिसली. अंगात कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट. ती ओळखीचं हसली, म्हणाली, "बऱ्या आहात ना, मॅडम?" मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी हात पाहिले, बोटं मोजली. दहाच्या दहा होती. मग बस आली असं काहीतरी पुटपुटले आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढले. ती बस माझ्या घराकडे जात नव्हती.

तो कागद तिच्याकडे असेल. समासातलं अक्षर माझं आहे. मराठी आहे, आणि सुवाच्य आहे.