अतिया आणि मुठ्ठीचा दुसरा भाग

वणीत मुठ्ठीचा पहिला भाग कधी आलाच नाही. आला तो एकदम दुसरा. पंच्याण्णवच्या दिवाळीत रहेमानचाचा नागपूरला रेडिओचे सुटे भाग आणायला गेले आणि मेटॅडोरमध्ये माणसाएवढं एक लाकडी कपाट घालून परतले. रुपया टाकून खेळायचा व्हिडिओ गेम होता तो. कपाटाच्या पोटात टीव्ही, टीव्हीखाली दोन दांडे आणि बारा बटणं. चालू केलं की पडद्यावर आधी एक आवळलेली मूठ यायची आणि तिच्याखाली जपानी अक्षरं. ती वाचणारं वणीत कोणी नव्हतं, म्हणून मूठ पाहून पोट्ट्यांनीच नाव ठेवलं, मुठ्ठी. शेजारी दोनचा आकडा होता, तेवढा सगळ्यांना वाचता आला.

बसस्टँडमागच्या गल्लीत चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. त्यांची एकुलती एक मुलगी अतिया तेव्हा आठवीत होती. आई तिच्या लहानपणीच गेलेली. सगळी गल्ली कपाटापुढे लढाई पाहायला दाटी करायची आणि अतिया मागच्या बाजूला बसायची. मागचं फळकूट काढलं की आतली सर्किटची हिरवी पाटी दिसे, तिच्यावर शेकडो बारीक भाग चिकटवलेले.

"अब्बा, हे सगळे लढणारे या पाटीत राह्यतात?" तिनं विचारलं.

"राह्यतात," चाचा म्हणाले. "पाटी गेली का थेही गेले."

मुठ्ठीत आठ लढवय्ये होते. ते एकमेकांना का बडवतात हे कोणालाच कळेना, कारण मधेमधे येणारा मजकूर सगळा जपानी. मग चाचांनीच एक गोष्ट रचली. एक उस्ताद होता, त्याचे दोन चेले. उस्तादानंतर अखाडा कोणाचा, यावरून दोघांचं वाजलं. पहिल्या भागात मोठा हरला आणि डोंगरात निघून गेला, दुसऱ्यात तो परत आलाय. पोट्टे तोंड उघडं ठेवून ऐकत. पहिल्या भागात आणखी काय झालं, हे चाचा दर महिन्याला थोडं थोडं वाढवत नेत.

अठ्ठ्याण्णवला तिसरा भाग आला, वेगळ्या कपाटात, नागपुरातलं एक दुकान बंद झालं तिथून. त्यात एक गंमत होती. दुसऱ्या भागातले लोक तिसऱ्यात वयानं वाढले होते. एकाच्या दाढीत पांढरे केस आले होते, एका बाईच्या कडेवर मूल होतं. चाचांची गोष्ट कशीबशी त्यातही बसली. पोट्टे म्हणाले, चाचाला सगळं आधीच माहीत होतं.

धर्मपाल दुकानात पहिल्यांदा आला तो त्याच्या आदल्या साली, कापसाच्या हंगामात. मुकुटबनकडचा गाडीवान, चाळिशीचा. स्वतःची शेती नव्हती, पण बैलजोडी खणखणीत होती. दुसऱ्यांचा कापूस भाड्यानं वणीच्या खरेदी केंद्रावर आणायचा. केंद्रापुढे गाड्यांची रांग लागे आणि नंबर यायला तीन-तीन, चार-चार दिवस लागत. बैल सोडून, शेजारच्या गाडीवाल्याला लक्ष ठेवायला सांगून तो गावात फिरत होता. दुकानात आला तो बिघडलेला ट्रान्झिस्टर घेऊन.

"कधी भेटंन?" त्यानं विचारलं.

"संध्याकाळी या," चाचा म्हणाले.

"मले कुठं जायाचं हाये? नंबर परवा लागते." आणि तो स्टुलावर बसून लढाई पाहू लागला. तासाभरानं म्हणाला, "रहेमानभाई, थो काठीवाला म्हातारा कोनीच काहून घेत नाई?"

आठ जणांत एक कंबरेत वाकलेला म्हातारा होता. त्याचा वेग कमी, उडी लहान, म्हणून पोट्टे त्याच्याकडे वळतही नसत. धर्मपालनं रुपया टाकला आणि म्हातारा घेतला. दोनदा हरला. तिसऱ्यांदा त्यानं काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला. समोरचा पोट्टा धावून आला, हवेत उडाला आणि खाली येताना धर्मपालनं एकच बटण दाबलं. काठी बसली. पुन्हा पोट्टा धावून आला, पुन्हा काठी. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वणीतले सहा जण त्याच्याकडून हरले.

"तुमी वार काहून करत नाई, काका?" अतियानं पडद्याआडून विचारलं.

"त्यालेच घाई हाये माय," धर्मपाल म्हणाला. "मले नाई."

तेव्हापासून दर हिवाळ्यात तो यायचा. रांगेत गाडी लागली की दुपारी दुकानात. हळूहळू रांगेतले इतर गाडीवानही येऊ लागले आणि त्या दिवसांत दुकानाला जत्रेची कळा यायची. पण सालं उलटत गेली तशी त्यांच्या बोलण्यातली मस्करी आटत गेली. बोंडअळी, पाऊस, भाव, हेच. एका वर्षी धर्मपालच्या गाडीत त्याच्या गावच्या रुक्माबाईचा कापूस होता. पोळ्यानंतर तिचा नवरा गेला होता. कसा, ते धर्मपालनं सांगितलं नाही आणि चाचांनी विचारलं नाही. रांगेत बाईमाणसानं कुठे बसावं, म्हणून तो तिला दुकानात घेऊन आला. अतियानं तिला पडद्यामागे नेऊन चहा दिला, अंग टाकायला चटई दिली. तिला झोप आली नाही. थोड्या वेळानं ती पुढे येऊन मुठ्ठीसमोर उभी राहिली.

"हे दोघं कायले भांडून राह्यले?" तिनं विचारलं.

चाचांनी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. म्हणाले, "मले बी खरं म्हाईत नाई, बाई."

अतियाला आठवतं, अब्बांनी हे कबूल केलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

पुढे चाचांना शुगरनं गाठलं आणि डोळे अधू होत गेले. बारीक काम अतियाकडे आलं. गिऱ्हाईक वस्तू चाचांच्या हातात द्यायचं, ते ती पडद्याआड सरकवायचे आणि दुरुस्त झाली की पुन्हा त्यांच्याच हातानं परत जायची. तेविसाव्या वर्षापर्यंत अतियानं वणीतले अर्धे टीव्ही उघडले होते, आणि हे फार थोड्यांना माहीत होतं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तिनं मुठ्ठीच्या तिसऱ्या भागाच्या स्पीकरची तुटलेली वायर जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर पडदा काळा. मूठ नाही, अक्षरं नाहीत, काही नाही. तिनं सगळं तपासलं. वीज येत होती, टीव्ही चांगला होता. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, चाचाच्या पोरीनं मशीन बिघडवलं. रात्री जेवताना चाचा म्हणाले, "वायरच जोडाची होती नं? मंग पाटीले हात कायले लावला?"

"नाई लावला, अब्बा."

जेवण उरकून ती पुन्हा मशीनपाशी गेली.

ती हार मानणारी नव्हती. मीटर घेऊन ती पाटीचा एकेक भाग तपासत गेली आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या एका बॅटरीपाशी थांबली. बोटाच्या पेराएवढी बॅटरी, मीटरचा काटा शून्यावर. एसटीडी बूथवरून तिनं नागपूरला देवीलाल यांना फोन लावला. सुटे भाग चाचा त्यांच्याकडूनच आणत. देवीलाल हसून म्हणाले, "बेटी, तेरे हाथ से कुछ नहीं हुआ. उस गेम की चाबी एक चिप में रहती है, और चिप जीती है उस बॅटरी पर. बॅटरी मरी तो चाबी मिट गई, अब गेम खुलेगा ही नहीं. हम तो ऐसे बोर्ड फेंक देते हैं."

घरी येऊन तिनं दुसऱ्या भागाची पाटी उघडली. तिथेही तशीच बॅटरी होती. नवी असताना साडेतीन व्होल्ट देणारी ती बॅटरी अडीचवर आली होती. आज ना उद्या हाही भाग जाणार होता. नवी बॅटरी लावायची तर जुनी काढायला हवी आणि जुनी काढली की त्याच क्षणी किल्ली पुसली जाणार.

"राहू दे," चाचा म्हणाले. "जितके दिवस चालंन तितके चालंन. एक तं गेला."

त्या वर्षी केंद्रावर भाव बरा होता, म्हणून रांग कधी नव्हे इतकी लांब, पार राजूरच्या फाट्याकडे गेलेली. धर्मपाल पाच दिवस अडकून होता. त्यानं अतियाचा चेहरा पाहिला, काय झालं ते विचारलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं. चिप, व्होल्ट त्याला कळले नसतील. पण तो म्हणाला, "म्हंजे धार तुटली नाई पायजे, असंच नं?"

"हो, काका."

"मंग नाल्यावरचा बांध बदलतो तवा आमी काय करतो? आधी बाजूनं पाट काढतो. पानी तिकडून चालू झालं का मंग जुना फोडतो."

अतिया त्याच्याकडे पाहत राहिली. नवी बॅटरी जुनीच्या बाजूला जोडायची, दोन्हींची टोकं एकत्र. मग जुनी काढायची. इतकं साधं होतं. भीती एकच होती. जोडाला डाग द्यायचं त्यांचं विजेवरचं सोल्डरिंगचं हत्यार स्वस्तातलं, त्याचा बारीक करंट हाताला लागायचा. तो पाटीत उतरला तर सगळंच संपलं.

घरात करंटच नको म्हणून तिनं भारनियमनाची वाट पाहिली. दुपारी बाराला वीज गेली की चारपर्यंत येत नसे. चाचांच्या तरुणपणाचं, तांब्याच्या टोकाचं डाग द्यायचं जुनं हत्यार तिनं माळ्यावरून काढलं आणि शेगडीत राजूरचा दगडी कोळसा पेटवून त्यात तापत ठेवलं. धर्मपालनं आरसा धरून दारातलं ऊन पाटीवर पाडलं. चाचा स्टुलावर बसले होते.

हत्यार दर मिनिटाला थंड व्हायचं. ती ते पुन्हा शेगडीत खुपसायची, पुसायची, एक ठिपका डाग द्यायची. नव्या बॅटरीचं एक टोक लागलं. दुसरं लागलं. मीटर लावला, काटा वर गेला. मग जुनीचा पाय सोडवताना ती थांबली.

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"हात हलून राह्यला, अब्बा."

चाचा चाचपडत तिच्या मागे आले आणि त्यांनी तिच्या कोपराखाली आपला तळवा धरला. "माह्यावर टेकव," म्हणाले. "आता कर."

जुनी बॅटरी सुटून मेजावर पडली. चार वाजता वीज आली. कपाट चालू केलं आणि पडद्यावर मूठ आली, खाली ती जपानी अक्षरं. चाचांना ती दिसली नसावी. सुरुवातीचा ढोल मात्र त्यांनी ऐकला. ते दारात जाऊन गल्लीकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "अतियानं दुरुस्त केला. ज्याले खेळाचं हाये त्यानं या."

पुढच्या हंगामात सरकारी भाव खाली आला. लोकांनी गावातच व्यापाऱ्यांना कापूस दिला, रांग लागलीच नाही. धर्मपाल त्या हिवाळ्यात आला नाही. नंतर कळलं, त्यानं बैलजोडी विकली आणि तो मुकुटबनला एका गोदामावर राखणदार राहिला. उन्हाळ्यात एकदा बायको कौसल्येला घेऊन तो भेटून गेला. कौसल्या म्हणाली, "घरी बी असाच बसून राह्यते. मी वार केल्याबिगर बोलतच नाई." अतिया खूप दिवसांनी पोट धरून हसली.

मुठ्ठीचा चौथा भाग वणीत सीडीवर आला, दुसऱ्याच एका दुकानात. पोट्टे तिकडे गेले. पण बॅटरीची बातमी देवीलाल यांनी पसरवली होती. यवतमाळहून, चंद्रपूरहून, आदिलाबादहून लोक पाट्या घेऊन येऊ लागले. आता ते पडद्यापाशी येऊन अतियाच्याच हातात देत. मेलेल्या पाट्या ती जिवंत करू शकत नव्हती आणि तसं तोंडावर सांगायची. मरायला टेकलेल्या मात्र तिनं पस्तीस वाचवल्या.

एक दिवस जिनिंग मिलचे मॅनेजर शंकरसिंग रुमालात गुंडाळलेलं एक कार्ड घेऊन आले. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचं सर्किट कार्ड होतं, ऐन हंगामात गेलेलं, आणि कंपनीचा माणूस यायला आठवडा लागणार होता. "हा गेम नाही," ते जरा संकोचून म्हणाले.

अतियानं कार्ड उजेडात धरलं. "पाटीच हाये," ती म्हणाली. "बसा."

दुसऱ्या दिवशी प्रेस चालू झाली. त्या वर्षी तिनं दुकान आणि घरामधला पडदा काढून टाकला. चाचा दोन हजार नऊला गेले, दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. मुठ्ठीचं कपाट तिनं दोन वर्षांनी हैदराबादच्या एका शौकिनाला दिलं. बॅटरी पुन्हा कधी बदलायची आणि कशी, ते त्याला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं. त्या जागी तिनं दुसरं मेज टाकलं. आज वणी, मारेगाव, पांढरकवड्याच्या सात जिनिंगांची कार्डं त्या मेजावर येतात, आणि दिवाळीनंतरचे तीन महिने अतियाबाईंना जेवायला फुरसत नसते.