भरलेली जागा

माझं आधीचं ऑफिस बंद पडून सात महिने झाले होते. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "बोलावलं का निघाचं. उशीर केला का दुसरा घेऊन जाते." आई म्हणायची, "धीर धर वं, घाईनं पोळी कच्ची राहते." मी दोघांचंही ऐकायचं ठरवलं होतं.

सोमवारी फोन आला तेव्हा मी नुकतंच डोक्याला तेल लावलं होतं. सदर भागातलं सोलर पंपांचं ऑफिस. "इंटरव्ह्यूला लगेच येऊ शकता का?" मी हो म्हटलं, तेलकट वेणीवर ओढणी गुंडाळली आणि स्कूटी काढली.

दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारे कारकून काका एकटेच होते. "सर येऊन राहिले, बसा," म्हणाले. बसायला खुर्ची एकच, फोनच्या टेबलामागची. मी बसले.

थोड्या वेळाने फोन वाजू लागला. काका फायलीतून मान वर करेनात. अकराव्या रिंगला मलाच राहवेना, मी उचलला. काटोलहून कुणीतरी पंप कधी बसवणार म्हणून विचारत होतं. मी नाव-नंबर कागदावर लिहून घेतला. दुपारपर्यंत तो कागद दोन्हीकडून भरला. सर काही आले नाहीत. "उद्या या," काका म्हणाले.

मंगळवारी सर आले. मी उठून उभी राहिले, माझी सर्टिफिकेटांची फाइल पुढे केली. त्यांनी विचारलं, "कोणाचे फोन होते?" मी घाईघाईने कागद दिला. तो घेऊन ते आत गेले. मला वाटलं, हीच परीक्षा असेल. बुधवारी त्यांनी दारातून डोकावून दोन चहा सांगायला लावले. मी सांगितले. एक माझ्यासाठी होता.

गुरुवारी धीर संपला. "काका, माझा इंटरव्ह्यू कधी?"

काका आत जाऊन आले. चेहरा पडलेला. "जागा भरली म्हणतात सर. सोमवारपासून एक मॅडम येऊन राहिल्या."

"कोणत्या मॅडम?"

"मले तं नाही दिसल्या," काका म्हणाले आणि खरोखरच कपाटाच्या मागे पाहून आले.

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात सरांनी आतून यादी पाठवली. बाकीच्या उमेदवारांना फोन करून जागा भरल्याचं कळवा म्हणे. नाही कसं म्हणणार? मी यादी घेतली. तिघींना कळवलं. चौथा नंबर फिरवला आणि माझी पर्स वाजू लागली.

"मॅडम, तुमचा फोन वाजून राहिला," काका म्हणाले.

मी दोन्ही फोन ठेवले आणि यादी घेऊन सरळ आत गेले. सरांनी सगळं ऐकलं. यादीतल्या चौथ्या नावावर बोट ठेवलं. "म्हणजे तुम्ही आमच्या नाहीत?"

"नाही सर."

"मग काहून बसून राहिल्या?"

"तुम्ही बोलावलं होतं."

त्यांनी मला खुर्ची दिली. इंटरव्ह्यू सुरू झाला. "या कामाचा अनुभव?"

"चार दिवस."

"कुठे?"

"इथेच."

खात्री करायला त्यांनी काकांना बोलावलं. "चांगलं काम करतात," काकांनी गंभीरपणे साक्ष दिली. नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं, कारण टाइप करणारं दुसरं कुणी नव्हतं. काकांनी माझ्या आडनावातला एक काना दुरुस्त केला.

बाकीचे फोन मात्र अजून राहिले होते. ते मलाच करायचे होते. सातव्या नंबरवरची मुलगी गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला उभी होती, मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. जागा भरल्याचं सांगितल्यावर ती म्हणाली, "कोणाले घेतलं, मॅडम?"

खोटं बोलता आलं नाही. "मले," मी म्हटलं.

तिने कुठल्याशा गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "अभिनंदन. अन् आधी जिथं होत्या, तिथली जागा खाली हाय का?"