शेजारी ठेवलेलं विरजण

इतक्या वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण पिपरी मेघे गावचं ते म्हातारं जोडपं आठवलं की आजही हसू फुटतं.

त्यांचा नागपूरला राहणारा मुलगा ठाण्यात आला तो रडतच. "साहेब, घराले कुलूप हाय, दोघायचे फोन बंद हायेत. मीच बोललो त्याईले, या वयात कायले फिरता म्हून. जीवाचं काई करून घेतलं त नाई ना?"

मिसिंगची नोंद घेतली. विहिरी, रेल्वे रूळ, दवाखाने पाहून झाले. मग आमच्या हवालदाराने खबर आणली की शेजारणीला सगळं ठाऊक आहे. मी चौकशीला गेलो.

"मले काई माहीत नाई," बाई ठाम होत्या. सराईत चोरसुद्धा एवढा टिकत नाही. पण त्यांच्या ओट्यावर विरजणाच्या दोन झाकलेल्या वाट्या होत्या.

"दोन कशाला?"

"एक माहं, एक तिचं," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

माझा जीव भांड्यात पडला. माझी बायको माहेरी निघाली की, परत आल्यावर दही लावायला हवं म्हणून, आधी विरजण शेजारी पोचवते. जीव द्यायला निघालेली बाई ते कशाला ठेवेल? "खरं सांगा, नाहीतर उद्या दोघांचा फोटो पेपरात देतो," म्हटल्यावर बाईंनी गावाचं नाव सांगितलं. राजस्थानात, पार वाळवंटात!

तिथल्या ठाण्याला फोन लावला. गावात धर्मशाळा एकच, त्यामुळे म्हातारे काका लगेच सापडले आणि फोनवर आले.

"साहेब, नागपूरले पोरगा, अमरावतीले साळा, पुण्याले भाची. कोठंबी गेलं का त्याईच्याच घरी उतरा लागते. बायका सैपाकघरात, मानसं बाहेर. लगन झालं तवापासून आमी दोघं निवांत बसून चहा नाई पेलो. म्हून जिथं आपलं कोनीच नाई, असं गाव धुंडलं. नुसती रेती हाय इथं. मस्त हाय! पोराले पत्ता नका सांगू. थो गाडी करून येईन अन् संगं साऱ्यायले आनीन."

सज्ञान माणूस स्वखुशीने गेला असेल तर त्याचा पत्ता त्याच्या मर्जीशिवाय सांगायचा नसतो. मुलाला म्हटलं, "सुखरूप आहेत. आपणहून परत येतील."

डोळे पुसून तो उठला. "मंग मी घ्यायले जातो ना!"

"तेच नको आहे त्यांना," मी म्हणालो आणि तपास बंद केला.

बेपत्ता माणूस म्हटलं की आम्ही आधी संकट शोधतो. माणूस सुख शोधायलाही घराबाहेर पडतो, हे मी त्या ओट्यापाशी शिकलो. शिकलो खरा, पण बायकोला घेऊन कुठे गेलो नाही. नोकरीत रजा नव्हती आणि निवृत्तीनंतर नातेवाईक होते.

आज सकाळी मात्र विरजणाची वाटी मी स्वतः शेजारी देऊन आलो. आम्ही दोघं कुठे चाललो, ते इथे लिहिणार नाही.