दामल्यांचा परसातला बार

शेजारच्या दामल्यांच्या परसात बांबू उभे राहू लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. निवृत्त, घरात एकटा माणूस. वर झावळ्यांचं छप्पर, समोर फळीचं काउंटर. "घरगुती बार करतोय," म्हणाले. पहिल्या बांबूला तर लग्नाच्या मांडवासारखं हळदकुंकू लावून आंब्याचा डहाळा बांधलेला! बारची मुहूर्तमेढ इतकी साग्रसंगीत? नक्कीच काहीतरी दडवायचं असणार.

कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने मी रोज दोन्ही परसांमधल्या भिंतीशी जाई. स्वतःच्याच परसात माणूस परक्या समुद्राकाठची झोपडी का उभारतो? घरात मावत नाही असं काय असतं त्याच्याकडे?

काल काउंटरपाशी दोन उंच स्टुलं दिसली. एकट्याला दोन कशाला? मी टाचा उंचावल्या.

"या की," दामले मागे न बघताच म्हणाले. "दुसरं तुमच्यासाठीच केलंय. तुमच्या उंचीला बरोबर होईल."

"माझी उंची तुम्हाला कशी ठाऊक?"

"भिंतीवर रोज तुमचे डोळे दिसतात ना! भिंत मोजली, आणि त्यातून तुमच्या टाचा वजा केल्या."