चिठ्ठी नसलेला रेडिओ

अडॅप्टरला कुणी चार्जर म्हटलेलं नानांना खपत नसे. "चार्जर मोबाइलले लागस. हाऊ अडॅप्टर शे," म्हणत ते कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि मग समोरच्याची अर्धा तास तरी सुटका नसे. जळगावात मेहरूणला आमच्या शेजारी राहणारे नाना निवृत्त वायरमन होते, मूळचे धुळ्याकडचे. तारांच्या बाबतीत मी अगदीच ढ. वायफायचा डबा बंद पडो की आईचं बीपीचं यंत्र, मी ते उचलून नानांच्या ओट्यावर नेऊन ठेवायची.

तिथे लगेच काही मिळत नसे. जुन्या अडॅप्टरांनी भरलेला पत्र्याचा डबा त्यांच्याकडे होता, पण त्याला हात लावण्याआधी ते भिंगातून यंत्राची पाठ वाचत. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि शेवटी ते चित्र: मधे ठिपका, भोवती गोल, एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे. पिनच्या आत अधिक की उणे, हे ते चित्र सांगतं; उलटं लागलं तर यंत्र जळतं. मी आपली उतावीळ. "नाना, पिन बसतेय की!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "पिन बसनी म्हंजे बठ्ठं जमनं अशं नही, पोरी. आडनाव एक शे म्हनीसन कोनी भाऊ व्हत नही. चित्र देख."

मी काही चित्र पाहिलं नाही. नाना होते ना पाहायला.

काम झालं की यंत्राच्या पाठीवर ते चिठ्ठी चिकटवत: "बारा व्होल्ट. आत अधिक." आमच्या घरात चिठ्ठी नसलेलं एकही यंत्र त्यांनी राहू दिलं नाही.

मग नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलाने त्यांना धुळ्यात देवपूरला आपल्या घरी नेलं. भेटायला गेले तर उशाशी त्यांचा जुना रेडिओ मुका पडलेला. सामान हलवताना अडॅप्टर हरवला होता आणि सेलचा कप्पा कधीच गंजला होता. "दिवसभर त्याच्याकडेच बघत राहतात," त्यांची सून म्हणाली, "दुसरं काही मागत नाहीत." एवढं तरी आपण करू म्हणून रेडिओ पिशवीत घातला आणि बाजार गाठला.

रेडिओच्या पाठीवर चिठ्ठी नव्हती. स्वतःच्या रेडिओला त्यांना ती कशाला लागणार? छापलेलं सगळं पुसलं होतं, फक्त नऊ व्होल्ट कसंबसं वाचता येत होतं. दुकानातली लाइट गेलेली, त्यामुळे लावून पाहता येईना. दुकानदाराने नवा अडॅप्टर काढून पिन घालून पाहिली. "बसते ना ताई? मग चालेल."

परत नानांच्या उशाशी येऊन मी पिन घातली, तसा नानांचा डावा हात अडॅप्टरकडे आला. घशातून नुसता आवाज निघत होता. मला वाटलं, उगाच का त्रास घेतलास म्हणताहेत. "असू द्या हो नाना," म्हणत मी तो हात प्रेमाने खाली ठेवला आणि बटण दाबलं.

एकदा करकरलं, जळका वास आला आणि संपलं. नाना डोळे मिटून पडून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धुळ्यात दोन कारागीर पाहिले, जळगावात एक. तिघांनीही मान हलवली. पंधरा दिवसांनी तो बंद रेडिओ घेऊन मी परत देवपूरला गेले. नानांनी डाव्या हाताने पेनाची खूण केली. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर त्यांनी बराच वेळ घेऊन एक वाकडा गोल काढला, मधे ठिपका दिला आणि त्या ठिपक्यापासून रेघ ओढून टोकाला उणे लिहिलं. मग रेडिओकडे बोट दाखवलं.

मी तो तुकडा फाडून रेडिओच्या पाठीवर चिकटवला. नानांनी अंगठ्याने त्याच्या कडा दाबल्या आणि भुवया उचलून माझ्याकडे पाहत राहिले. ती आमची शेवटची भेट.

"देखलं, नाना," मी म्हणाले.