हापशावरची हजेरी

तिचं नाव मी विचारलंच नाही. पाटोद्याजवळच्या एका शाळेत ती हापशाच्या रांगेत कमरेवर घागर घेऊन उभी होती. शिक्षण प्रकल्पाचा टिकाऊ परिणाम तपासायला मला तिथे पाठवलं होतं. प्रकल्पाने शाळेला हापसा दिला आणि पटसंख्या झपाट्याने वाढली. दुष्काळात गावातले आड आटले होते आणि पटावर पोराचं नाव असेल त्याच घराला पाणी, असा मुख्याध्यापकांचा नियम होता. मी याला ‘पालकांमधील जागृती’ म्हणत होतो.

“पोर कितवीत?” मी विचारलं.

“पोरगी सहावीत हाय.” पदर दातात धरून ती हापसू लागली.

“सहावीच्या वर्गात तर एकही मुलगी दिसली नाही.”

“बापासंगं ऊस तोडायला गेलीय, माझ्या जागी. सासू अंथरुणाला खिळलीय, मला जाता येईना.”

“मग शाळेत कोण येतं?”

“मी येते की रोज!”

रांगेतल्या बायका हसल्या. तिने दांडा थांबवला. “नाव तेवढं कमी करू नका, साहेब. आन पोरींना जेवूखाऊ घालून सांभाळणारं कुणी शाळेत ठेवा. मग कशापायी नेऊ आमी त्यास्नी उसाच्या फडात?”

नाव मी कमी केलं नाही. वसतिगृहाची तिची मागणी मात्र अहवालात लिहिली नाही, कारण वरिष्ठांना यश हवं होतं. अहवाल आवडला, आणखी गावांना हापसे मिळाले. पुढच्या हंगामात मी पुन्हा तपासणीला गेलो, तेव्हाही ती पोर फडातच होती. पटावर ती सातवीत गेली होती, नियमित हजेरीसह, आणि मी खाली सही केली.