आईसाठी रातराणी

रियाधमध्ये बाग करायची म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे आणि ते तो दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नव्याने मांडतो. आमचं घर म्हणजे एका व्हिलाचा तळमजला. पुढे उंच भिंतींच्या आत एवढंसं अंगण, त्याला इथे हौश म्हणतात. उन्हाळ्यात त्या अंगणात दिवसा पाय ठेवला तर चपलेतूनही चटका बसतो. सूर्यास्ताची, मगरिबची अजान होऊन गेल्यावर कुठे फरशी गार व्हायला लागते आणि माणसं दारं उघडतात. म्हणून मी ठरवलं, झाडं लावायची तर रात्री फुलणारीच लावायची. सकाळी फुलून दुपारी करपणाऱ्या फुलांचं कौतुक करायला इथे बाहेर असतं कोण?

हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण आई होती.

बाबा गेल्यापासून आई नाशिकला एकटी राहते. दादा पुण्याला, मी इथे. आईने घर भाड्याने द्यावं आणि पुण्याला आपल्याकडे यावं, असा दादाचा धोशा होता. विषय निघाला की आई भांडी आपटायची. शेवटी आम्ही भावंडांनी तिच्या पाठीमागे एक ठरवलं. आईने दोन-तीन महिने माझ्याकडे यायचं, व्हिजिट व्हिसावर, आणि मी तिच्यावर नीट नजर ठेवायची. विसरते का, अडखळते का, गोंधळते का. "तू सांगशील ते फायनल," दादा म्हणाला. "ती एकटी राहू शकते असं तू म्हणालीस तर मी पुन्हा शब्द काढणार नाही." आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती आपली नातीला भेटायला येणार म्हणून चकल्या तळत होती.

मला मात्र मनातून वाटत होतं की आई इथेच रमेल आणि प्रश्न आपोआप मिटेल. बाग हे माझं आमिष होतं.

रात्री फुलणारी झाडं निवडायची तर नर्सरीत संध्याकाळीच जावं लागतं, हे मला पहिल्या खेपेला कळलं. भर दुपारी रातराणी म्हणजे नुसतं हिरवं झुडूप. तिथला मल्याळी माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, मगरिब के बाद आना, फिर सूंघो और ले जाओ." तसंच केलं. रातराणीला इथे मिस्क अल लैल म्हणतात, रात्रीची कस्तुरी. ती मी दोन घेतल्या. मोगरा घेतला. निशिगंधाची कुंडी घेतली. प्राजक्त मिळत होता, पण नाही घेतला. सकाळी त्याचा सडा त्या फरशीवर पडला असता आणि नवापर्यंत भाजून निघाला असता. प्रत्येक झाडापाशी वाकून मी वास घेत होते आणि नवरा गाडीत एसी लावून बसला होता.

मधेच मी आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, अजून एक घेते. तुला कुठला वास आवडेल?"

"काहीही घे. पांढरं घे म्हणजे झालं. अंधारात दिसतं."

"अगं, वासाचं विचारतेय मी."

"वास काय, असतोच फुलांना," असं म्हणून तिने नातीची चौकशी सुरू केली.

मला यात काहीच वावगं वाटलं नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्या घरात देवाच्या फुलाचा वास घ्यायची बंदी. लहानपणी परडी घेऊन फुलं तोडताना एखादं चुकून नाकाशी गेलं की पाठीत धपाटा बसायचा. वास घेतलेलं फूल उष्टं झालं, ते देवाला चालत नाही. आईने फूल नाकाशी धरलेलं मला जन्मात आठवत नाही. गजरा माळला तरी तो हातात धरून हुंगणं नाही. फुलांना नाक न लावणं हे आमच्याकडे संस्कारात मोडतं. त्यामुळे आई वासाबद्दल बोलली नाही याचा अर्थ मी एवढाच घेतला, की आई ती आईच.

एप्रिलमध्ये ती आली. तोवर रातराणी चांगली फोफावली होती आणि संध्याकाळी दार उघडलं की वास थेट बैठकीत यायचा. मी मुद्दाम खुर्ची रातराणीच्या शेजारी मांडली, आईला बसवलं आणि समोर उभी राहिले. आई म्हणाली, "छान गं. दिसतंय छान." आणि चहा प्यायला लागली. मला रागच आला. एवढी मी वाळूशी झटले, टँकरचं पाणी मागवलं, आणि बाईसाहेबांच्या तोंडून साधं 'अहाहा' नाही! मी आत जाऊन उगाच ओटा पुसला.

त्याच आठवड्यात नवऱ्याने अल खर्जकडच्या डेअरीतलं शेणखत आणलं. पोतं फाटकं होतं. गाडीत वास, अंगणात वास. लेक नाकाला ओढणी बांधून हिंडत होती आणि नवरा घरमालकाला काय तोंड दाखवू म्हणून हवालदिल. आई त्या पोत्याला टेकून पोहे खात होती. "बघ," मी नवऱ्याला म्हटलं, "खेड्यात वाढलेलं माणूस असं असतं. तुमचीच नाकं नाजूक." तो खजील झाला आणि मला बरं वाटलं.

नजर ठेवायचं काम मी इमानाने करत होते. आई काही विसरत नव्हती. औषधं वेळेवर. कुठलाही जिना माझ्यापेक्षा झपाझप. मॉलमधल्या पार्किंगमध्ये आपली गाडी कुठे उभी आहे ते तिलाच आठवायचं. स्वयंपाकही तोच, फक्त हल्ली "मीठ बघ गं" असं वरचेवर म्हणायची. मी दादाला कळवणार होते की आई ठणठणीत आहे. मनात थोडी खट्टूही होते, कारण ती इथे राहायचं नाव काढत नव्हती.

मग एका संध्याकाळी लेकीने खेळ काढला. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये पाचवीत. "आजी, क्लोज युअर आइज. मैं फ्लॉवर दूँगी, तू नाव सांग." आजीने पदर डोळ्यांवर घेतला. लेकीने मोगरा दिला, आजीने बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "मोगरा." निशिगंध दिला, देठावरून हात फिरवला, "निशिगंध." रातराणीचा घोस दिला, तोही ओळखला. लेक टाळ्या पिटत होती. मग म्हणाली, "नो टचिंग आता! फक्त स्मेल." आजीने हात मांडीवर ठेवले. लेकीने माझ्याकडे बघून डोळा मारला, पायातला दिवसभराचा शाळेचा मोजा काढला आणि आजीच्या नाकाखाली धरला.

मी ओरडणारच होते. पण आई हसली, छान लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "हा? हा तर मोगरा. काय घमघमाट सुटलाय!"

लेक हसून हसून फरशीवर लोळली. आजीने आपली फिरकी घेतली असं तिला वाटलं. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आईने पदर काढला. समोर मोजा बघितला आणि तिचा चेहरा एकदम उतरला. नातीकडे नव्हे, तिने आधी माझ्याकडे बघितलं. चोरी पकडल्यासारखं. माझ्या आईला मी असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि ती मला घाबरली होती.

लेकीला आत पिटाळलं. "कधीपासून?" मी विचारलं.

"कोविडात गेला तो. सगळ्यांचा परत आला, माझा नाही आला."

एवढी वर्षं! दर वर्षी मी सुट्टीला गेले, तिच्या हातचं जेवले, तिच्यासाठी अत्तरं नेली. ऊद नेला, महागाचा. ती म्हणायची, "वा, काय सुंदर!" आणि कपाटात ठेवायची.

"आणि गॅस?" माझ्या तोंडून निघालं.

आईने पदराची घडी केली. मग म्हणाली, "सांगते, पण ओरडू नकोस. तू मागच्या सुट्टीला येऊन गेलीस, त्यानंतर एकदा संध्याकाळी दिवा लावायला बसले होते. काडी ओढणार तेवढ्यात शेजारची सून मागच्या दाराने किंचाळत आली. काकू, काडी टाका! काडी टाका! चहाचं आधण उतू जाऊन शेगडी विझली होती. घर सगळं गॅसने भरलेलं म्हणे. मला पत्ताच नाही. मी आपली वातीला तेल लावत होते."

हे तिने जवळजवळ हसत सांगितलं. मी खुर्चीचा हात धरला. ती संध्याकाळ कुठली होती ते मी विचारलं नाही, पण आठवत राहिले. तेव्हा मी काय करत असेन? लेकीचा होमवर्क करून घेत असेन. 'आई बरी आहेस ना' असा मेसेज टाकून अंगठ्याचं चित्र आलं म्हणून निर्धास्त झाले असेन. एक काडी, आणि दादाचा फोन आला असता. मी उठून बेसिनपाशी गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

परत आले तर आई तशीच बसलेली. म्हणाली, "त्यानंतर गॅस काढून टाकला. इंडक्शनवर करते. देवापुढे विजेचा दिवा लावते. दूध नासलंय का, भाजी उतरलीय का ते शेजारची सून रोज येऊन हुंगून जाते. ती गावाला गेली तर समोरचे काका येतात. कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना?"

"दूधवाल्यालासुद्धा. तोच तारीख बघून पिशवी देतो."

त्या संध्याकाळच्या गॅसपेक्षाही हे मला जास्त लागलं. दूधवाल्याला माहीत होतं. "मग आम्हाला का नाही सांगितलंस?" मी आवाज चढवला. "आम्ही कोण आहोत तुझे?"

"त्यांना कळलं तर ते दूध हुंगून देतात," आई म्हणाली. "तुम्हाला कळलं तर तुम्ही मला उचलून न्याल. मला काय कळत नाही, मला इथे कशाला आणलंयस ते?"

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिची परीक्षा घेत होते आणि ती ती परीक्षा देत होती, चाचपून, आठवून, हसून. मीठ विचारून. बोटांनी फुलं ओळखून.

"मी दादाला सांगणार," मी म्हटलं.

"सांग. तुझ्या हातात आहे." आणि तिने वर बघून रातराणीची एक वाळकी काडी मोडली.

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मी आतल्या आत धुमसत होते. मग आई आंघोळीला गेलेली बघून मी नाशिकला त्या सुनेला फोन लावला. तिची माझी ओळख नमस्कारापुरती. मी विचारलं तशी ती म्हणाली, "हो ताई, गॅस तर कधीच काढला. मीच सही करून सिलिंडर परत दिला. तुम्ही काळजी करू नका, काकूंचं आमच्यावर आहे. उलट काकू कधी येणार ते सांगा, माझ्या मुलीला पाढे त्यांच्याशिवाय येत नाहीत." ती माझ्या आईबद्दल इतक्या सहज बोलत होती की मला तिचा राग आला, आणि मग रडू आलं. मला तेवढं सहज बोलता आलं नसतं.

संध्याकाळी मी आईला घेऊन नर्सरीत गेले. या वेळी म्हटलं, तू निवड. ती नाकाने नाही, डोळ्यांनी निवडत होती. रांगांमधून वाकून वाकून हिंडली. गुलबक्षी बघून थांबली, कारण ती संध्याकाळी उघडताना दिसते. मग एक वेल सापडला, बशीएवढ्या पांढऱ्या फुलांचा. त्याची कळी दिवस मावळल्यावर बघता बघता सुटते. आमच्यासमोर एक सुटली. आधी थरथरली, मग पिळा सैल झाला आणि फूल उघडलं. आई "अहाहा!" म्हणाली. मोठ्याने, दोनदा. त्या नर्सरीवाल्यानेही वळून बघितलं. मी तिथे उभी राहून विचार करत होते की ही बाई कुठे काय हरवून बसलीय, आणि त्यावर तिने कुणाला न विचारता काय काय उभं केलंय.

शुक्रवारी दादाचा फोन आला. आई समोरच तांदूळ निवडत होती. मी स्पीकर लावला नव्हता, पण दादाचा आवाज मोठा आहे.

"मग? काय ठरलं? पुढच्या महिन्यात भाडेकरू बघायला लागतो मी."

आईचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. ताटातल्या तांदळाकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर फोन उचलताना माझं ठरलेलं होतं. त्याला सगळं सांगायचं, गॅससुद्धा. त्याचा हक्क आहे, ती त्याचीही आई आहे.

"भाडेकरू बघू नकोस," मी म्हटलं. "आई एकदम व्यवस्थित आहे. ती एकटी राहू शकते."

"नक्की? सगळं बघितलंस ना तू?"

"सगळं बघितलं."

तो "ठीक आहे" म्हणाला. शब्दाचा पक्का आहे तो. इकडच्या उन्हाची चौकशी केली आणि फोन ठेवला. मी काय बोलून बसले ते मला त्यानंतर कळलं. उद्या काही झालं तर हे माझ्यावर, एकटीवर. मी आईकडे बघितलं. वाटलं, ती उठून मला जवळ घेईल.

आईने ताट पुन्हा मांडीवर सारखं केलं.

"झालं," ती म्हणाली, "आता तू आमच्या कॉलनीतली." आणि एक खडा काढून बाजूला टाकला.